‘मॅडम, मला माझी शैलीच सापडत नाही’

चित्रकलेची पदवी घेणारी मुले माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा त्यांचे शब्द वेगवेगळे असले, तरी काळजी बहुधा एकच असते: तिसरे वर्ष संपत आले, बाकीच्यांना आपापली शैली सापडली, मला सापडली नाही, म्हणजे मी चित्रकारच नाही. गोव्यात या काळजीचे ओझे थोडे अधिकच असते. सूझा साळगावचे, लक्ष्मण पै मडगावचे, गायतोंडे यांचे घराणे मूळ गोव्याचे. एवढ्याशा भूमीने एवढे चित्रकार दिले, मग आपल्यातच काय कमी आहे, असे ही मुले स्वतःला विचारत राहतात. त्यांपैकी एकीशी झालेल्या सहा भेटींतला थोडा भाग, तिची ओळख पटणार नाही अशा बेताने तपशील बदलून, येथे देत आहे.

ती डिचोली तालुक्यातली, वडिलांची गणपतीची चित्रशाळा, म्हणजे मूर्ती घडवण्याची जागा. एका शिक्षकांनी तिच्या चित्रासमोर उभे राहून ‘यात तू कुठे आहेस?’ असे विचारले होते आणि त्यानंतर दोन महिने तिने एकही कॅनव्हास पूर्ण केला नव्हता. पहिल्या दोन भेटी रडण्यात आणि झोपेच्या तक्रारीत गेल्या.

तिसऱ्या भेटीत ती म्हणाली, ‘स्वतःची शैली असायलाच हवी.’

‘हवी, की हवीच?’

‘हवीच. नाहीतर या चार वर्षांचा उपयोग काय?’

त्या ‘च’पाशी मी नेहमी थांबते. माणसाला त्याची इच्छा छळत नाही, इच्छेची त्याने केलेली अट छळते, असे माझे ठाम मत आहे. ‘शैली असावी’ असे वाटणारा कामाला लागतो. ‘असायलाच हवी’ म्हणणारा प्रत्येक फटकारा वाळण्यापूर्वीच त्याचा निकाल लावतो. हे मी तिला सांगितले, तिला ते पटलेही, पण नुसत्या पटण्याने हात सुटत नाही.

चौथ्या भेटीत मी सहज विचारले, ‘चतुर्थीआधी मूर्तींचे डोळे कोण रेखते?’

‘गेली पाच वर्षे मीच.’

‘तिथे हात थांबत नाही?’

‘तिथे थांबायला वेळ कुठे असतो?’

‘पहिल्या वर्षी कसे जमले?’

ती प्रथमच हसली. ‘तिरळे व्हायचे. बाबा ओल्या फडक्याने पुसून द्यायचे, मी पुन्हा काढायचे.’ बोलता बोलता तिने माझ्या टेबलावरच्या पेपरवेटला करंगळी टेकवली आणि पापणीची वरची रेघ एका दमात हवेत ओढून दाखवली.

‘हे डोळे तुझे वाटत नाहीत, असे बाबा कधी म्हणाले?’

‘नाही.’ ती बराच वेळ पेपरवेटकडे पाहत राहिली. ‘पण गेल्या वर्षी एक जुने गिऱ्हाईक म्हणाले, डोळे मुलीनेच काढलेत, बघताक्षणी कळते.’

मी काहीच बोलले नाही. त्या क्षणी गप्प राहता आले, हे मी माझ्या कामातले कौशल्य मानते. मी समजावू लागले असते, तर पुढचे वाक्य माझे झाले असते, आणि ते तिचेच असणे गरजेचे होते.

‘मॅडम,’ ती म्हणाली, ‘मी तसे करायला गेलेच नव्हते.’

तिने आता कॅनव्हासवर गणपतीचे डोळे काढावेत, असा याचा अर्थ मुळीच नाही. शैली ही हाताला लागलेली सवय आहे, ती कामाआधी ठरवता येत नाही, एवढेच तिला स्वतःच्या अनुभवातून दिसले. गायतोंडे यांनी १९४८ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका घेतली. आज आपण ज्या अमूर्त चित्रांवरून त्यांना ओळखतो, त्यांकडे ते पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धात वळले, आणि त्याआधीची त्यांची चित्रे आकृतिप्रधान होती. मग विशीतल्या मुलीने चार वर्षांची मुदत स्वतःवर का लादून घ्यावी?

अशा मुलांना मी एकच काम देते: पंधरा दिवस रोज दोन लहान कागद रंगवायचे, भिंतीला लावायचे आणि पंधरवडा संपेपर्यंत त्यांना चांगले-वाईट म्हणायचे नाही. शिक्षकांनी केलेली टीका वहीत लिहायची, मात्र तिच्यातले चित्राविषयीचे शब्द तेवढेच ठेवायचे. ‘यात तू कुठे आहेस?’ हा प्रश्नसुद्धा चित्राविषयी होता, तिच्या लायकीविषयी नव्हे. पालकांनीही या काळात ‘पुढे काय करणार?’ हे रोज विचारू नये.

तिचे अठ्ठावीस कागद झाले. शेवटच्या भेटीत शैलीचा विषय तिने काढलाच नाही. पावसाळ्यातल्या शेताचा हिरवा रंग आपल्या हातून मळकट का होतो, एवढेच तिला जाणून घ्यायचे होते. याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते, म्हणून मी तिला तिच्या त्याच शिक्षकांकडे पाठवले.