किलोज्यूल की किलोकॅलरी?

प्रश्न: लग्नानंतर मेलबर्नला आलेय, खाण्याची नोंद अ‍ॅपमधे ठेवते. इथल्या पाकिटांवर किलोज्यूल असतं आणि आईने पाठवलेल्या भाजणीच्या पाकिटावर किलोकॅलरी, सगळा गोंधळ होतो. नक्की कशात लिहू?

उत्तर: अगं, जे आकडे तुला डोक्यात पटकन समजतात त्यातच लिही, फक्त मधेच बदलू नकोस. १ किलोकॅलरी म्हणजे ४.१८४ किलोज्यूल, म्हणजे ब्रेडवर १०० ग्रॅमला १००० किलोज्यूल असेल तर त्या झाल्या साधारण २३९ किलोकॅलरी. घाईत असशील तर सरळ ४ ने भाग, आकडा थोडा जास्त येतो पण रोजच्या नोंदीला चालतं. मला विचारशील तर तू किलोज्यूलच घे, कारण तुझी बहुतेक खरेदी तिथलीच आणि तिथल्या मेनूबोर्डवर सुद्धा मोठ्या माणसाला दिवसाला सरासरी ८७०० किलोज्यूल असंच लिहिलेलं असतं, मग भाजणीचा एकच आकडा ४.१८४ ने गुणून अ‍ॅपमधे सेव्ह केला की झालं. आणि हो, १०० ग्रॅमचा आकडा घेतेयस की एका सर्व्हिंगचा ते आधी बघ, खरी चूक तिथेच होते गं. थालीपिठावर सोडलेलं तेल पण लिही, १ ग्रॅम तेलात ३७ किलोज्यूल असतात.