४३१००१ ही मूळ संख्या आहे का? हाताने अवयव कसे काढायचे?

नाही, मूळ नाही. ४३१००१ = ३⁴ × १७ × ३१३.

तुम्ही विचारलंय की संभाजीनगरच्या या पिनकोडचं वर्गमूळ ६५६ च्या थोडं पुढे येतं, तर तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भाग देऊन बघायचा का? त्या ११९ आहेत. पण इतकं करावं लागत नाही, कारण एखादा अवयव सापडला की संख्या लहान होते आणि तिच्याबरोबर मर्यादाही खाली येते. बहुतेक जण इथेच चुकतात. भाग देतात, पण मर्यादा जुनीच धरून बसतात.

अंकांची बेरीज ४+३+१+०+०+१ = ९, म्हणून ९ ने भाग जातो: ४७८८९. इथे थांबू नका. या अंकांची बेरीज ३६, म्हणजे पुन्हा ९: ५३२१. आता बेरीज ११, तेव्हा ३ संपला. ७३ चा वर्ग ५३२९ आहे, म्हणून आता ७१ च्या पुढे बघायचं कारण नाही. ७, ११, १३ ने बाकी उरते. तेवढ्यावर ‘५३२१ मूळ दिसते’ असं लिहून मोकळं होणं ही दुसरी नेहमीची चूक.

१७ ची कसोटी शाळेत सहसा शिकवत नाहीत, पण फार कामाची आहे: शेवटच्या अंकाची पाचपट उरलेल्या संख्येतून वजा करा. ५३२ − ५ = ५२७, मग ५२ − ३५ = १७. भाग जातो. (५१ ला १७ ने भाग जातो, त्यावरच ही कसोटी उभी आहे.) ५३२१ ÷ १७ = ३१३. १८ चा वर्ग ३२४, म्हणून ३१३ साठी १७ पर्यंतच तपासायचं. कशानेच भाग जात नाही, ती मूळ.

विभाजक किती? घातांकांत एकेक मिळवून गुणा: ५ × २ × २ = २०.

मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वेगळीच वाटते. १७ = ४² + १² आणि ३१३ = १२² + १३². अशा दोन बेरजांचा गुणाकारही दोन वर्गांची बेरीज असतो, हे ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये दिलं. त्यावरून ५३२१ = ६१² + ४०² आणि ६४² + ३५². प्रत्येक पाया ९ ने गुणला की

४३१००१ = ५४९² + ३६०² = ५७६² + ३१५².

लातूरच्या ४१३५१२ चं असं होत नाही. ती २³ × ११ × ३७ × १२७ अशी फुटते. ११ आणि १२७ यांना ४ ने भागलं तर बाकी ३, आणि दोन्ही एकेकदाच आलेत. अशी मूळ संख्या विषम वेळा आली की दोन वर्गांची बेरीज अशक्य. ३ चीही बाकी ३ च, पण ४३१००१ मध्ये तो चारदा येतो, म्हणून आड येत नाही.