काकूंचा कोपरा : मधला धोको

२०२४चा दिवाळी अंक म्हणून या खेपेला मला जास्तीची पानं मिळालीयेत आणि पत्रंही ढीगभर आलीयेत, पण खरं सांगू का, निम्म्या पत्रांचं गाऱ्हाणं एकच, हे वर्ष फार वाईट गेलं काकू. ऑगस्टमधल्या पुरानंतर बडोद्यातून दुसरं काय येणार म्हणा. तीनच घेतेय, बाकीच्यांनी रुसू नका.

काकू, नमस्कार. मी ४६ वर्षांची, समा भागात ग्राउंड फ्लोरला राहते. फेब्रुवारीत सासरे गेले. मे महिन्यात मिस्टरांच्या कंपनीनं त्यांचं डिपार्टमेंटच बंद केलं, आता ते दोन दुकानांचे अकाउंट्स बघतात. आणि मग जन्माष्टमी. रात्री कृष्णजन्म केला, सुंठवडा वाटला, पहाटे उठतो तर पाणी उंबऱ्याशी. घाईघाईत पाळणा तेवढा माळ्यावर टाकला आणि वरच्या बेनकडे गेलो, तीन दिवस तिथेच, लाइट नाही, सोसायटीच्या ग्रुपवर मगरीचे व्हिडिओ. फ्रिज, मशीन, गाद्या गेल्या त्या गेल्या, पण सासऱ्यांच्या ट्रंकेतले जुने फोटो आणि सासूबाईंची वही चिखलात गेली ते सहन होत नाही. फोटो एकमेकांना चिकटून अक्षरशः वीट झालीय. मुलगी म्हणते मम्मी आता नवीन वर्ष, जुनं सगळं टाकून दे. येणारा जाणारा म्हणतो हिंमत ठेवा, पुढे सगळं चांगलंच होणार. मला हिंमतही ठेवायची नाही आणि नवीन वर्षही नकोय. शिवाय सासऱ्यांचं वर्ष व्हायचंय, कंदील लावायचा की नाही तेही कळत नाही. मी अशी काय झालेय?

अगं, काही झालेली नाहीस तू. (तुला तूच म्हणते, माझी धाकटी बहीण तुझ्यापेक्षा मोठी आहे.) आधी फोटोंचं बोलू, कारण त्याला उशीर चालत नाही, मनाला चालतो.

ती वीट सुरीनं किंवा नखानं उलगडायला जाऊ नकोस, उन्हात तर अजिबात ठेवू नकोस. सगळ्यात वरचा जो दिसतोय त्याचा आधी मोबाइलवर फोटो काढून ठेव, पुढे काही बिघडलं तर निदान तेवढं राहील. मग एका परातीत फिल्टरचं थंड पाणी घे आणि वीट त्यात ठेवून दे, अर्धा तास, तास, कधी त्याहून जास्त. कडा आपोआप सुटायला लागल्या की हलक्या हातानं एकेक वेगळा कर. वर चिखल दिसला तरी बोटानं चोळायचं नाही हं, फोटोवरचा तो चकचकीत थर जिलेटिनचा असतो, ओला झाला की दुधावरच्या सायीसारखा निसटतो, आणि मग चिखलाबरोबर सासऱ्यांचा चेहराही बोटाला येतो. सुटलेले फोटो तोंड वर करून जुन्या धोतरावर सावलीत पसरायचे, पंखा लांबून. वर्तमानपत्रावर नको, शाई उतरते. सुरुवात कमी जिव्हाळ्याच्या गठ्ठ्यानं कर, प्रत्येक घरात एक लग्नाचा ग्रुप फोटो असतोच ज्यात कोण कोण आहे ते कोणालाच माहीत नसतं, तो आधी बुडव. आणि घरच्या प्रिंटरवर काढलेले जे नवीन प्रिंट असतील ते पाण्यात घालायचे नाहीत, त्यांचा रंग वाहतो. तशीच वही, पेनाची शाई पाण्यात टिकत नाही. एव्हाना वाळली असेल आणि बुरशी धरली असेल, तर बाल्कनीत बस, नाकाला मास्क लाव, मऊ ब्रशनं पान झटक आणि प्रत्येक पानाचा फोटो काढ, अक्षर लागत नसलं तरी काढ.

हे मला एवढं कसं माहीत म्हणशील तर माझ्या वेळी माहीत नव्हतं म्हणून माहीत आहे. ३१ जुलै २०१९, एका दिवसात ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला होता बडोद्यात, आठवत असेल. आमच्या जुन्या घरात कमरेइतकं पाणी. ते उतरल्यावर माझ्या अंगात काय संचारलं कोणास ठाऊक, दोन दिवसांत सगळं घर धुऊन काढलं, ओलं दिसेल ते कचऱ्याच्या ट्रॉलीत. लोक म्हणाले, काय हिंमत आहे हो काकूंची. त्या ट्रॉलीत माझ्या आईची इनलँड पत्रं गेली, निळी, घडीवर फाटलेली. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं. त्यामुळे हिंमत म्हटलं की मला ती ट्रॉलीच दिसते, आणि जुनं टाकून दे म्हणणाऱ्या तुझ्या मुलीला हे पत्र वाचायला दे.

आता नवीन वर्षाचं. आपण बडोदेकर मराठी लोक या बाबतीत तसे श्रीमंतच, वर्षातून तीन नवीन वर्षं येतात आपल्याकडे, एक जानेवारी, गुढीपाडवा आणि बेस्तु वरस. या वर्षी, २०२४ला, तर लक्ष्मीपूजन गुरुवारी ३१ ऑक्टोबरला की शुक्रवारी १ नोव्हेंबरला यावरून घराघरात वाद आहेत, आमच्याकडेही आहेत, आमच्या ह्यांचं पंचांग एक म्हणतं आणि समोरच्या बेनचं कॅलेंडर दुसरं. बहुतेक गुजराती घरात दिवाळी गुरुवारी आणि बेस्तु वरस शनिवारी, २ नोव्हेंबरला. मग मधला शुक्रवार कुणाचा? तर कुणाचाच नाही. त्याला ते म्हणतात पडतर दिवस, नाहीतर धोको. अमावस्या लांबली की असा एक रिकामा दिवस मध्ये येतो, जुनं साल संपलेलं, नवं लागलेलं नाही.

मराठी माणसाला धोका म्हटलं की पोटात गोळा येतो, त्यात आपल्या विश्वामित्री नदीनं धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्याही वर जाऊन दाखवलंय, म्हणून सांगते, हा तो धोका नव्हे. लहानपणी दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यासमोर एका कापडवाल्याचं दुकान होतं, धोक्याच्या दिवशी तो फळ्या लावून नुसता ओट्यावर बसायचा. चोपडापूजन, म्हणजे हिशोबाच्या वह्यांची पूजा, झालेलं असायचं पण नव्या चोपड्यात अजून अक्षर नाही आणि जुन्यात आता लिहायचं नाही. गिऱ्हाईक आलं तरी नाही म्हणायचा. मी आजोबांना विचारलं होतं, हे असे का बसलेत, तर आजोबा म्हणाले, आज ते कुठल्याच सालात नाहीत. मला ते भारी वाटलं होतं, मीही त्या दिवशी कुठल्याच सालात नाही म्हणून अभ्यास केला नाही आणि मार खाल्ला.

तर तू आत्ता त्या ओट्यावर आहेस, एवढंच झालंय. घाईनं कोणी साल मुबारक म्हणत आलं तर हो म्हण आणि चहा दे, पण मनातल्या मनात वही उघडायची सक्ती नाही. कोणाचा धोको एक दिवसाचा असतो, तुझा होळीपर्यंत चालेल, कदाचित पाडव्यापर्यंत. फक्त एक बघ, झोप आणि जेवण दोन्ही सुटलं असेल किंवा सगळं संपवावं असं मनात येत असेल तर डॉक्टरकडे जायचं, लगेच, आणि मिस्टरांना सांगून जायचं. तो ओटा नव्हे.

कंदिलाचं म्हणशील तर वर्ष होईपर्यंत सण करत नाहीत म्हणजे आपण होऊन थाटमाट करत नाहीत, दाराशी पणती लावायला कोणाची ना नाही, अंधारात कशाला बसायचं. फराळ तू करू नकोस, नातेवाईक आणतील, आणू दे. डबे परत करताना रिकामे देऊ नयेत म्हणून जीव टाकू नकोस, साखर घालून दे चमचाभर, झालं.

आणि पुढचं वर्ष चांगलं जाईल असं मी लिहिणार नाही, मला काय माहीत, विश्वामित्रीलाही माहीत नसेल, पावागढच्या डोंगरावर किती पाऊस पडेल आणि आजवा धरणातून किती पाणी येईल यावर सगळं. पण तू लिहिलंयस पाळणा माळ्यावर टाकला. म्हणजे पाळणा आहे. माळ्यावर अजून काय काय आहे ते बघितलंस का? आपण बायका माळ्यावर काय ठेवलंय ते दहा वर्षांत विसरून जातो. मला २०१९च्या डिसेंबरात, म्हणजे सगळं गेलं सगळं गेलं म्हणून चार महिने रडून झाल्यावर, माळ्यावर बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा सापडला, त्यात मुलांची प्रगतिपुस्तकं आणि आईचं एकच पत्र, तेही दूधवाल्याच्या हिशोबाबद्दल. मी ते चाळीस वेळा वाचलं असेल. मिस्टरांना शिडी धरायला सांग आणि चढ.

काकू, मी २३ वर्षांचा, मांजलपूर. बीकॉम झालं. आयेल्ट्समध्ये (इंग्रजीची परीक्षा) साडेसहा बँड आले, कॅनडाच्या स्टुडंट व्हिसाची फाइल लावली, जुलैमध्ये रिफ्यूजल आलं. पप्पांनी एफडी मोडली होती. एजंटची फी गेली. माझे तीन मित्र तिकडे कॅनडात ब्रॅम्प्टनला आहेत, रोज स्टेटस बघतो. वर्ष पूर्ण वाया गेलं, आता नवीन वर्षात काय करू?

बेटा, आधी स्टेटस बघणं बंद कर, बर्फ सगळ्यांचा सारखाच दिसतो.

तुझं रिफ्यूजल म्हणजे तुझ्या अकलेचा निकाल नाही. कॅनडानंच २०२४च्या जानेवारीत स्टुडंट परमिटवर कॅप लावली, २०२४साठी साधारण ३ लाख ६० हजार, म्हणजे आदल्या वर्षीपेक्षा ३५ टक्के कमी. खर्चापोटी दाखवायची रक्कम १०,००० कॅनेडियन डॉलरवरून २०,६३५ केली. तू नेमका त्या वर्षी दारात पोचलास. तुझ्या पत्रात एक गोष्ट कुठेच नाही, रिफ्यूजलचं कारण काय दिलं होतं? एजंटनं वाचून दाखवलं असेल, तू स्वतः वाचलंस का? त्या पत्रात दोनच ओळी असतील, पण ऑफिसरनं फाइलवर काय लिहिलं ते जीसीएमएस नोट्समध्ये, म्हणजे तिकडच्या इमिग्रेशन खात्याच्या नोंदीत, असतं आणि त्या मागवता येतात, तिकडे राहणाऱ्या माणसामार्फत. ब्रॅम्प्टनवाले मित्र कामाला लाव की. आयेल्ट्सचा स्कोअर दोन वर्षं चालतो, तो काही वाया गेला नाही. जीआयसीची, म्हणजे कॅनडाच्या बँकेत ठेवलेल्या ठेवीची, रक्कम बँक परत देते, थोडी फी कापून, ती आली का ते पप्पांबरोबर बसून बघ, एफडीचं काय करायचं ते त्यांना ठरवू दे.

परत फाइल लावायची की नाही ते नोट्स वाचल्यावर ठरव, तोवर इथे नोकरी धर, कसलीही, घरी बसलेला पोरगा रोज थोडा थोडा आकसतो हे मी माझ्या पुतण्यात बघितलंय. आणि उत्तरायणच्या पतंगाची उपमा मी देणार नाही, पप्पांनी देऊन झाली असेल.

काकू, वय ७२, कारेलीबाग. जानेवारीत पत्नी गेली. आमच्याकडे चिवडा तीच करायची. भाऊबीजेला मुलगी आणि नात येणार, मुलगी म्हणाली बाबा विकत आणू. मला घरी करायचा आहे. पत्नीच्या हातचा कागद मिळाला, त्यात लिहिलंय १ वाटी दाणे, पाऊण वाटी डाळं, मीठ अंदाजे. घरात वाट्या पाच आहेत. कोणती वाटी?

भाऊ, तुमचं पत्र मी ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं, ते उठून उगीचच बाल्कनीत जाऊन आले.

ती वाटी भांड्यांच्या रॅकमध्ये नसेल. कणकेचा डबा उघडा, नाहीतर तांदळाचा. प्रत्येक घरात एक वाटी डब्यातच राहते, बुडाशी जरा चेपलेली. तीच.

पातळ पोहे अर्धा किलो घ्या, कागदावर ते लिहिलेलं नसणार कारण ते तिला पाठ होतं. (दुकानदार लिलो चेवडो देईल, तो नको, तो बडोद्याचा ओला चिवडा, वेगळा प्रकार.) पोहे चाळून जाड बुडाच्या कढईत अगदी मंद गॅसवर, दोन वेळेला अर्धे अर्धे भाजा, आच वाढवलीत तर आकसतात. बोटात धरून चुरा झाला पाहिजे. बाजूला काढा. मग तेल पाऊण वाटी, त्यात दाणे तळून काढा, खोबऱ्याचे काप लालसर करून काढा, डाळं फक्त दोन मिनिटं. उरलेल्या तेलात मोहरी, हिंग, आठ दहा मिरच्या, कढीपत्ता. मिरच्या आणि कढीपत्ता पूर्ण कुरकुरीत होईपर्यंत थांबा, इथेच सगळे घाई करतात आणि दोन दिवसांनी चिवडा मऊ पडतो. मग हळद, मीठ, तळलेलं सगळं आणि पोहे, दोन मोठ्या झाऱ्यांनी खालून वर. नातीला झारा धरायला द्या.

मीठ अंदाजे म्हणजे आधी दोन चमचे सपाट, मग चाखून. पिठीसाखर दोन चमचे, पण ती गॅस बंद केल्यावर.