काकूंची चवीची वाटी

“मॅडम, आता आयुष्यभर हेच का?”

मधुमेहाचं निदान झालेला माणूस सल्ल्यासाठी माझ्यासमोर बसला की पहिल्या अर्ध्या तासात हा प्रश्न येतोच. ‘हेच’ म्हणजे उकडलेला दुधी, कोरडी भाकरी, बिनसाखरेचा चहा आणि समोर घरच्यांची भरलेली ताटं. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. म्हणजे हा प्रश्न घरोघरचा आहे. त्याचं उत्तर मला नाशिकच्या एका काकूंनी शिकवलं. त्यांची परवानगी घेऊन, ओळख पटणार नाही असे तपशील बदलून लिहिते आहे.

काकू ६१ वर्षांच्या. पंचवटीत एकत्र कुटुंब, स्वयंपाकघर सगळं त्यांच्या हातात. दिवाळी नुकतीच झाली होती, तेव्हा सून त्यांना घेऊन आली. एचबीए१सी, म्हणजे साधारण गेल्या तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी, ९.१ आली होती. गोळ्या बदलून झाल्या, आहाराचा तक्ता झाला, तरी जेवणानंतर दोन तासांची साखर अडीचशेच्या खाली येईना. सुनेचं म्हणणं एकच: “आईंचा खाण्यावर ताबा नाही.”

काकूंनी वही आणली होती. शाळेतल्या बाईंसारखं टपोरं अक्षर. दुपारी एक भाकरी, दुधी. रात्री एक भाकरी, मुगाचं वरण. पानामागून पान तेच. मी वही मिटली आणि विचारलं, “यात काही लिहायचं राहिलंय का?”

शब्द साधे होते, पण माझा स्वर साधा नव्हता. काकूंचा चेहरा उतरला. “देवाशपथ सांगते, ताटात एवढंच असतं.” त्यानंतर दीड महिना त्या आल्या नाहीत. ती चूक माझी होती, आणि तिची रुखरुख अजून जात नाही. कारण काकू अक्षरशः खरं बोलत होत्या. ताटात तेवढंच असायचं.

संक्रांतीनंतर त्या आपणहून आल्या. या वेळी मी ताटाविषयी विचारलंच नाही. सकाळी ओट्यापाशी उभ्या राहता तिथपासून रात्री ओटा पुसेपर्यंत दिवस कसा जातो, तेवढं सांगा म्हटलं. आणि एक काम दिलं. दिवसभरात जेवणाव्यतिरिक्त जे तोंडात जाणार असेल, ते तोंडात न टाकता एका वाटीत टाकायचं. एकच दिवस.

दोन दिवसांनी त्यांनी पिशवीतून डबा काढून माझ्या टेबलावर उघडला. गुळाच्या पोळीचं सारण, चव बघायला तळहातावर घेतात तेवढं, तीनदा. पोळीच्या तुटलेल्या कडा. नातवाच्या डब्यातून परत आलेली अर्धी जॅमपोळी. पातेल्याच्या तळाची भाताची खरवड, तुपासकट. वाटी शिगोशीग भरून वर डब्यात सांडली होती.

“मॅडम, हे सगळं मी खाते?”

“खात नाही काकू. निस्तरता.”

त्या कितीतरी वेळ गप्प होत्या. मग डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, “टाकून कसं देणार हो? अन्न आहे.”

आपल्या घरातली बाई शेवटी जेवते, आणि शेवटी जेवणाऱ्याच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. त्यात मधुमेह झाला की तिच्यासाठी वेगळं, बेचव शिजतं, तेही तीच शिजवते. पोट भरतं, जीभ उपाशी राहते. मग जीभ आपला वाटा उभ्याउभ्या, घाईत, कुणी बघत नसताना वसूल करते. याला ताबा नसणं म्हणणं अन्याय आहे. म्हणून आम्ही पहिलं काम पदार्थांचं केलं नाही, जागेचं केलं. काकूंनी रात्री सगळ्यांबरोबर ताट वाढून घेऊन बसायचं. काकांना तव्यावरची गरम पोळी लागते म्हणून घरात चार दिवस कुरकुर झाली. मग पोळ्या आधी करून डब्यात ठेवायला लागल्या, आणि काकांची तक्रार थांबली. चव बघायला चहाचा चमचा, एकदाच. उरलेलं फ्रीजमध्ये किंवा मोलकरणीला आधीच बाजूला काढलेलं.

दुसरं, वेगळा स्वयंपाक बंद. एकच स्वयंपाक, सगळ्यांसाठी. हुलग्याचे शेंगोळे काकूंच्या माहेरचे, घरात वर्षानुवर्षं झाले नव्हते. ते आठवड्यातून एकदा परत आले. भाजी-उसळ-कोशिंबीर आधी, भाकरी मागून, हा क्रम आहारतज्ज्ञांनी सांगितला होता. आधी चोथा आणि प्रथिनं पोटात गेली की पिठाची साखर रक्तात सावकाश उतरते. रविवारची मिसळ नाशिकच्या घरातून कोण हद्दपार करणार? आणि का करावी? मोड आलेली मटकी मधुमेहाची वैरी नव्हेच. भानगड पाव, शेव-फरसाण आणि तर्रीवरच्या तेलाची. काकूंच्या वाटीत मटकी दुप्पट, कांदा-लिंबू भरपूर, शेव चिमूटभर, पाव अर्धा. पहिल्या रविवारी त्यांनी मला फोन करून सांगितलं, “आज मी त्यांच्याबरोबर खाल्ली.” पदार्थाचं नाव सांगायला त्या विसरल्या होत्या, मला मात्र कळलं.

समज-गैरसमजही निघाले. “गूळ चालतो ना?” हा संक्रांतीचा प्रश्न. गुळात लोहासारखी खनिजं थोडी असतात, पण रक्तातली साखर वाढवायला तो साखरेच्या मागे नाही. मध आणि खजुराचे लाडू यांचंही तेच, तेही मोजूनच. पेठ-सुरगाण्याकडून येणारी नागली चांगली म्हणून काकू रोज सकाळी मोठा पेला आंबील पीत होत्या. बारीक पीठ पातळ शिजवलं की ते झटकन पचतं आणि साखर झटकन चढते. तीच नागली भाकरी करून उसळीबरोबर खाल्ली तर बरी.

उपवासाचं मात्र मला गंभीरपणे सांगावं लागलं. एका चतुर्थीला काकूंनी दिवसभर काही खाल्लं नाही, गोळी मात्र नेमाने घेतली. संध्याकाळी हात थरथरायला लागले, दरदरून घाम फुटला. सुनेने मशीन लावलं तर ६२. साखर ७०च्या खाली गेली की लगेच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात द्यायचं आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. सुनेला ते ठाऊक होतं म्हणून निभावलं. काही गोळ्या आणि इन्सुलिन घेत असताना जेवण टाळणं किंवा एकदम कमी करणं धोक्याचं असतं. आहारात मोठा बदल करण्याआधी डॉक्टरांना सांगाच. काकूंनी विचारून गोळीची मात्रा बदलून घेतली. उपवासाला साबुदाण्याऐवजी थोडी भगर, सोबत दाण्याची आमटी आणि काकडी, असं ठरलं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिठूळ पदार्थ. भगरही धान्यच, म्हणून तिचाही डोंगर करायचा नाही.

मग होळी आली. पुरणपोळी करायची नाही, असं काकूंनी आधीच जाहीर केलं होतं आणि घर सुतकी झालं होतं. मी म्हटलं, करा. वाटीभर डाळीला वाटीभर गूळ घालायच्या, त्या जागी अर्धी वाटी. उणीव जायफळ-वेलचीने भरायची. मैदा नाही, कणीक. पोळी तळहाताएवढी. भात नाही. आधी कोशिंबीर आणि कटाची आमटी, मग एक पोळी, वर तूप चमचाभर, बसून. जेवणाआधी साखर १२४ होती, दोन तासांनी १७१. डॉक्टरांनी त्यांना १८०ची मर्यादा सांगितली होती. काकूंनी तो आकडा वहीत लिहून खाली दोन रेघा ओढल्या. नातू म्हणाला, “आजी, या वेळी पुरण कमी गोड पण भारी लागतंय.” मला ते त्या आकड्याइतकंच मोलाचं वाटतं.

पाडव्याला श्रीखंड. आधी स्टीव्हियाचे थेंब घालून पाहिलं, काकूंना ते कडसर लागलं. जिभेवर जबरदस्ती करण्यात मला अर्थ वाटत नाही. मग निफाडच्या भावाकडून द्राक्षांची पेटी आली. पेटी समोर असली की येताजाता मणी तोंडात जातात, हे आता त्यांना वाटीमुळे पाठ झालं होतं. रात्रभर टांगलेला दाट चक्का, दुधात खललेलं केशर, वेलची, चिमूटभर मीठ. त्यात दहा मणी उभे चिरून, वर पिस्त्याचे काप. साखर नाही. गार करून छोट्या वाटीत. द्राक्ष चक्क्याच्या आंबटपणात जास्त गोड लागतं, हे त्यांचं निरीक्षण. मी घरी करून पाहिलं, खरं आहे.

गेल्या आठवड्यात एचबीए१सी ७.४ आली. त्यात डॉक्टरांनी बदललेल्या गोळ्यांचा वाटा आहे आणि रोज संध्याकाळी गोदाकाठी काकांबरोबर चालण्याचाही. काकू रिपोर्ट घेऊन आल्या, पण खुर्चीत नीट बसायच्या आधीच अक्षय्य तृतीयेचं विचारू लागल्या.

“मॅडम, आता आखाजी आली. रसाचं काय करायचं?”

“रस किती लागतो तुम्हाला?”

“खरं सांगू? दोन वाट्या.”

मी हसले, त्याही हसल्या. मग वही उघडली. अर्धी वाटी रस, वरून साखर नाही, पोळ्या दोनाच्या जागी एक, आधी हरभऱ्याची उसळ. काकूंनी त्याच टपोऱ्या अक्षरात लिहून घेतलं, आणि मी न सांगता पुढे लिहिलं: कोय चोखायची नाही. थोडा विचार केला, ‘नाही’ खोडलं आणि त्यावर लिहिलं: एक.