धबधब्याचा कापूस होतोय

प्रश्न: ठोसेघरच्या धबधब्याचा ३० सेकंद शटर उघडं ठेवून फोटो काढला. पाण्याचा पार कापूस झालाय, झाडंही हललीत. काय चुकलं?
– एक वाचक, सातारा

उत्तर: ते ३० सेकंदच नडले. पावसाळ्यातल्या फुगलेल्या धारेला अर्धा सेकंद पुष्कळ झाला, पाण्याचे पदर सुटे दिसतात. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) १००, एफ (भिंगाच्या छिद्राचा आकडा) ११ ठेवा. एफ २२ वर छिद्र फार बारीक होऊन बारकावे मऊ पडतात. एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी काळपट काच) असेल तर काढून पोलरायझर (चकाकी कमी करणारी फिरती काच) लावा आणि हळूहळू फिरवा. ओल्या कातळावरची चकाकी उतरते, शेवाळाचा हिरवा उठून दिसतो. झाडांसाठी ट्रायपॉड न हलवता, आयएसओ वाढवून १/१२५ सेकंदाचा वेगळा फोटो घ्या, घरी संगणकावर दोन्ही जोडा.

आंबोलीला मी तासभर फोटो काढले. घरी बघतो तर प्रत्येकावर भिंगावर बसलेल्या तुषाराचा तोच गोल डाग! तेव्हापासून भिंग पुसायला खिशात जुन्या धोतराचा तुकडा असतो.