चार वर्षे ट्रॅमाडॉल घेणाऱ्या वडिलांची गोळी नव्या डॉक्टरांनी एकदम बंद केली. आता काय करावे?

आपण लिहिले आहे की, कळव्यात राहणारे आपले ६३ वर्षांचे वडील कंबरेच्या जुन्या दुखण्यासाठी चार वर्षे ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेल्या सहा गोळ्या रोज घेत आहेत, आणि नव्या डॉक्टरांनी ‘आजपासून बंद’ असे सांगितले आहे. मी कोपरखैरण्यात फॅमिली डॉक्टर आहे. वाशीच्या बाजार समितीत पोती वाहून कंबर गेलेले माथाडी कामगार माझ्याकडे नेहमी येतात, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे.

गोळी एकाएकी बंद होऊ देऊ नका. ट्रॅमाडॉल हे अफूच्या वर्गातले औषध असून रोज घेतल्यावर शरीराला त्याची सवय होते. ते अचानक थांबवले की घाम, अंगावर काटा, जुलाब, जिवाची तगमग सुरू होते, झोप उडते आणि दुखणेही उसळते. मग रुग्णाला वाटते की आजार बळावला आणि घरच्यांना वाटते की व्यसन लागले. बहुतेकदा या दोन्ही समजुती चुकीच्या असतात. नव्या डॉक्टरांची भीती मी समजू शकतो, कारण एप्रिल २०१८ पासून हे औषध अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आले आहे. परंतु कायद्याने उपचारासाठी ते लिहून देण्यास मनाई केलेली नाही.

गोळी आहे तशीच चालू ठेवावी, असेही माझे म्हणणे नाही. अमेरिकेत २४० रुग्णांवर वर्षभर केलेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कंबर, गुडघा किंवा खुब्याच्या दुखण्यासाठी अफूवर्गीय औषधे घेणाऱ्यांची हालचाल इतर औषधे घेणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारली नाही. अर्थात ते रुग्ण औषध नव्याने सुरू करणारे होते, म्हणून तो निष्कर्ष आपल्या वडिलांना जसाच्या तसा लावता येणार नाही.

माझ्या एका रुग्णाला ‘दुखणे दहापैकी किती’ असे विचारले की उत्तर कायम ‘आठ’ असे. एकदा मी त्यांना घरातली सगळी औषधे घेऊन यायला सांगितले. त्यांनी पिशवी टेबलावर उपडी केली, तेव्हा मी दिलेल्या ट्रॅमाडॉलच्या गोळ्यांबरोबर दुसऱ्या डॉक्टरांनी झोपेसाठी दिलेल्या अल्प्राझोलामच्या तीन स्ट्रिप निघाल्या. ही जोडी श्वास मंदावू शकते, आणि झोपेची ती गोळीही एकदम तोडता येत नाही. त्या दिवसापासून मी आकड्याबरोबर हेही विचारू लागलो की, भजनाला किती वेळ बसवते, जिना किती वेळा चढता, दुपारी गुंगी येते का. औषधाचा उपयोग होतो की नाही, हे मला त्या उत्तरांतून कळले.

मात्रा कमी करायची ती महिन्याला साधारण दहा टक्क्यांनी किंवा त्याहून सावकाश. सहा गोळ्यांच्या हिशेबात ती महिन्याला अर्धी गोळी होते. माझ्या पद्धतीने दुपारची आधी आणि रात्रीची सर्वांत शेवटी. हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावे, आणि हळूहळू विरघळणारी गोळी असेल तर ती मोडू नये. एखाद्या टप्प्यावर त्रास झाला तर तिथेच महिना-दोन महिने थांबावे. त्यात कमीपणा काही नाही. त्याच काळात फिजिओथेरपिस्टकडून कंबरेचे व्यायाम शिकून घ्यावेत आणि रोज थोडे चालावे, कारण नुसती गोळी काढून घेतली तर माणूस अंथरुणाला खिळतो. बद्धकोष्ठता असेल तर तेही मोकळेपणाने सांगावे. वडील मंडळी ते लपवतात आणि पोटदुखीने हैराण होतात. सहा गोळ्यांत एरवीच जवळपास दोन ग्रॅम पॅरासिटामॉल असू शकते, म्हणून तापासाठी वरून आणखी घेण्याआधी विचारावे. नैराश्याची गोळी चालू असेल तर ती डॉक्टरांना आवर्जून दाखवावी, कारण ट्रॅमाडॉलबरोबर काही गोळ्यांनी फिट येण्याचा धोका वाढतो. हाका मारूनही जाग येत नसेल, श्वास संथ झाला असेल किंवा फिट आली, तर थेट इस्पितळ गाठावे.

पुढच्या भेटीला आपण स्वतः वडिलांबरोबर जा, सगळ्या स्ट्रिप सोबत न्या आणि नव्या डॉक्टरांना इतकेच विचारा: ‘आम्ही कमी करायला तयार आहोत, तोवर आपण एकट्यांनीच लिहून द्याल का?’ त्यांनी नकार दिला, तर गोळ्या संपण्याआधीच त्यांच्याकडून वेदनाचिकित्सकांच्या नावाने चिठ्ठी घ्या.