लहान मुलांच्या शरीरात शिसं, कीटकनाशकं किती गेली हे मोजतात कसं?
काय मोजायचंय त्यावर आहे. शिशासाठी रक्त. बोट टोचून घेतलेल्या थेंबात हातावरची धूळ मिसळली तर आकडा उगाच फुगतो, म्हणून तो जास्त आला की शिरेतून रक्त घेऊन खात्री करतात. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२१ मध्ये डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅम ही लक्ष घालण्याची पातळी ठरवली. त्याखाली सगळं सुरक्षित, असा मात्र अर्थ नाही. थॅलेट्स (प्लास्टिक मऊ करणारी रसायनं), बरीच कीटकनाशकं लघवीत शोधतात, पण ती एक-दोन दिवसांत निघून जातात. एकाच नमुन्यावरून काढलेला निष्कर्ष मला तरी पटत नाही. त्यात डायपरमधल्या बाळाची लघवी गोळा करायची म्हणजे परीक्षाच! रांगणाऱ्या मुलांचे हात सारखे तोंडात, म्हणून जमिनीवरची धूळ आणि हात पुसलेलं कापडही तपासतात.